थर्मन मन्सन : लहान गावच्या मैदानावरून पुढे आलेला कर्णधार

अमेरिकेतील सर्वाधिक यशस्वी बेसबॉल संघ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यूयॉर्क यांकीज संघाचे कर्णधार थर्मन मन्सन यांचे २ ऑगस्ट १९७९ रोजी विमान अपघातात निधन झाले. त्या वेळी ते अवघे ३२ वर्षांचे होते. अकरा मोसमांच्या कारकिर्दीत त्यांनी वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडू आणि सर्वाधिक मौल्यवान खेळाडू हे दोन्ही सन्मान मिळवले, संघाला सलग दोन विश्वविजेतेपदे मिळवून देण्यात मोलाचा वाटा उचलला आणि तब्बल ३७ वर्षे कोणालाही न दिलेले कर्णधारपद भूषवले. तरीही त्यांच्या नावाचा उच्चार दरवर्षी नियमितपणे होतो तो न्यूयॉर्कपासून दूर, समुद्रकाठच्या काही लहान गावांत. तेथे महाविद्यालयीन खेळाडूंसाठी भरणाऱ्या उन्हाळी स्पर्धेत सर्वोत्तम फलंदाजाला दिला जाणारा पुरस्कार मन्सन यांच्या नावाने ओळखला जातो.

थर्मन मन्सन यांचा जन्म ७ जून १९४७ रोजी ओहायो राज्यातील ॲक्रन या शहरात झाला. टायर आणि रबर उद्योगासाठी हे शहर जगभर प्रसिद्ध होते. चार भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील लांब पल्ल्याचे ट्रक चालवत असल्याने दिवसेंदिवस घराबाहेर असत, आणि घरी आले की त्यांचा धाक असे. मुलाने कितीही चांगला खेळ केला तरी त्यांच्याकडून कौतुकाचा शब्द क्वचितच निघे. पिता-पुत्रांमधील हा दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही. थर्मन आठ वर्षांचे असताना कुटुंब जवळच्याच कँटन या शहरात स्थायिक झाले. पुढे कितीही कीर्ती आणि संपत्ती मिळाली तरी मन्सन यांनी आपले घर म्हणून हेच शहर मानले.

कँटन हे मुख्यतः अमेरिकन फुटबॉलचे शहर. व्यावसायिक फुटबॉलचे कीर्तिदालन १९६३ मध्ये येथेच उभे राहिले. शाळेत मन्सन फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल या तिन्ही खेळांत चमकले आणि तिन्ही संघांचे कर्णधार झाले. बेसबॉलमध्ये ते सुरुवातीला इतर जागांवर खेळत असत. मात्र शालेय जीवनाच्या अखेरच्या वर्षी संघातील एका वेगवान पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे, चेंडू अडवण्यास कोणी समर्थ नसल्याने ही जबाबदारी मन्सन यांच्यावर आली. गरजेपोटी स्वीकारलेली ही जागा पुढे त्यांची कायमची ओळख ठरली.

भारतीय वाचकांना बेसबॉलमधील कॅचर क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा वाटेल. परंतु त्याचे काम त्याहून व्यापक असते. फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून प्रत्येक चेंडू कोठे आणि कसा टाकायचा याचा इशारा तो बोटांनी पिचरला देतो. प्रतिस्पर्धी खेळाडू पुढचा बेस चोरण्यासाठी धावू लागला तर क्षणार्धात उठून अचूक फेक करणे आणि धाव पूर्ण करण्यासाठी वेगाने येणाऱ्या खेळाडूला होम प्लेटपाशी बाद करणे, हीही त्याचीच कामे असतात. मैदानावरील नऊ खेळाडूंपैकी संपूर्ण मैदान समोर दिसते ते केवळ कॅचरला. त्यामुळे संघाचे नेतृत्व अनेकदा त्याच्याकडे आपोआप येते. अर्थात गुडघे, बोटे आणि खांदे यांची त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागते.

फुटबॉलसाठी अनेक महाविद्यालयांचे निमंत्रण असूनही मन्सन यांनी घराजवळच्या केंट स्टेट विद्यापीठाची बेसबॉल शिष्यवृत्ती स्वीकारली. पुढे पिचर आणि समालोचक म्हणून नावारूपास आलेले स्टीव्ह स्टोन हे तेथे त्यांचे सहकारी होते. केंट स्टेटचा संघ राष्ट्रीय पातळीवर फारसा गाजलेला नव्हता. ओहायोतील थंडीमुळे तेथील महाविद्यालयीन मोसमही तोकडा असे. दक्षिणेकडील उष्ण राज्यांतील खेळाडू वर्षातील बराच काळ मैदानावर असत आणि व्यावसायिक संघांच्या निरीक्षकांची नजर साहजिकच त्यांच्यावर अधिक पडे. अशा परिस्थितीत १९६७ च्या उन्हाळ्यात वीस वर्षांचे मन्सन मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड येथे दाखल झाले.

केप कॉड हा अटलांटिक महासागरात शिरलेला, वाकवलेल्या हातासारखा दिसणारा चिंचोळा भूभाग. मासेमारी आणि उन्हाळी पर्यटन यांवर जगणारी लहान गावे त्यावर वसलेली आहेत. १९२३ मध्ये तेथे गावागावांच्या संघांची बेसबॉल लीग सुरू झाली. १९६३ मध्ये तिची पुनर्रचना होऊन महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या मान्यतेने ती महाविद्यालयीन खेळाडूंची उन्हाळी लीग बनली. खेळण्याबद्दल कोणाला मानधन दिले जात नाही. बाहेरगावाहून आलेले खेळाडू स्थानिक कुटुंबांच्या घरी राहतात. पूर्वी अनेक जण दिवसा गावात लहानमोठी कामे करून खर्च भागवत आणि सायंकाळी मैदानावर उतरत. सामन्यांना तिकीट नसते. प्रेक्षक स्वतःच्या खुर्च्या आणि चादरी घेऊन येतात, वर्गणीसाठी फिरवलेल्या टोपीत इच्छेनुसार पैसे टाकतात आणि संघाचा बहुतेक कारभार गावातील स्वयंसेवक पाहतात. चॅटहॅमच्या मैदानावर तर समुद्रावरून येणाऱ्या धुक्यामुळे अधूनमधून खेळही थांबवावा लागतो.

बाहेरून घरगुती वाटणारी ही स्पर्धा खेळाडूंच्या दृष्टीने मात्र कठोर परीक्षा असते. आपल्या विद्यापीठात सर्वांत पुढे असलेला खेळाडू येथे आपल्यासारख्याच निवडक खेळाडूंच्या गर्दीत येऊन पडतो. जवळजवळ दररोज सामना असतो आणि अपयश विसरण्यास सवड मिळत नाही. कोणता खेळाडू खचतो आणि कोणता उभा राहतो, याची नोंद व्यावसायिक संघांचे निरीक्षक प्रेक्षकांत बसून घेत असतात.

मन्सन चॅटहॅम संघाकडून खेळले आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी ०.४२० ची फलंदाजी सरासरी नोंदवली. बेसबॉलमध्ये दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके, म्हणजे ०.३०० ही सरासरी चांगल्या फलंदाजाची खूण मानली जाते. हे लक्षात घेतल्यास ०.४२० या आकड्याचे महत्त्व ध्यानात येईल. लीगमधील ती त्या मोसमातील सर्वोच्च सरासरी होती. त्यांच्या खेळाच्या बळावर चॅटहॅमने लीगचे आपले पहिले विजेतेपद पटकावले. कमी गाजलेल्या विद्यापीठातील या कॅचरबद्दल कोणाच्या मनात शंका असलीच, तर ती या काही आठवड्यांत फिटली.

पुढच्याच वर्षी, जून १९६८ मध्ये झालेल्या नवोदित खेळाडूंच्या निवड प्रक्रियेत न्यूयॉर्क यांकीजने मन्सन यांना पहिल्याच फेरीत, संपूर्ण देशातून चौथ्या क्रमांकावर निवडले. यांकीजचे माजी खेळाडू आणि ओहायोचेच रहिवासी असलेले निरीक्षक जीन वुडलिंग यांनी त्यांची शिफारस केली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बालपणीची मैत्रीण डायना हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी यांकीज संघ पडत्या काळातून जात होता. बेब रूथ, लू गेरिग, जो डिमॅजिओ आणि मिकी मँटल यांच्या परंपरेचा हा संघ १९६४ नंतर अंतिम फेरीत पोहोचू शकला नव्हता. बिंगहॅम्टन आणि सिराक्यूस येथील दुय्यम संघांकडून शंभराहूनही कमी सामने खेळून मन्सन ८ ऑगस्ट १९६९ रोजी मुख्य संघात दाखल झाले. त्या वर्षी लष्कराच्या राखीव दलातील सेवेमुळे त्यांचा काही काळ प्रशिक्षण छावणीत गेला होता.

१९७० च्या मोसमाची सुरुवात निराशाजनक झाली. पहिल्या तीस प्रयत्नांत त्यांना केवळ एक यशस्वी फटका मारता आला. इतक्या वाईट सुरुवातीनंतर नवख्या खेळाडूची रवानगी दुय्यम संघात होणे हे नेहमीचेच. पण व्यवस्थापक राल्फ हौक यांनी त्यांना संघात कायम ठेवले. मोसम संपला तेव्हा मन्सन यांची सरासरी ०.३०२ होती आणि अमेरिकन लीगमधील वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्यांना जवळजवळ एकमताने मिळाला. मतदान केलेल्या २४ पत्रकारांपैकी २३ जणांनी त्यांना पसंती दिली होती.

पुढील वर्षी, १९७१ मध्ये, यष्टिरक्षणासारख्या या जोखमीच्या कामात संपूर्ण मोसमात त्यांच्या नावावर केवळ एक चूक नोंदवली गेली. तीही बाल्टिमोरच्या खेळाडूची होम प्लेटपाशी धडक बसून ते बेशुद्ध पडले आणि त्यांच्या हातातील चेंडू निसटला तेव्हा. १९७३ ते १९७५ अशी सलग तीन वर्षे त्यांना उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी सोनेरी हातमोजा हा पुरस्कार मिळाला. सात वेळा त्यांची निवड वार्षिक ऑल-स्टार सामन्यासाठी झाली.

याच वर्षांत बोस्टन रेड सॉक्सचे कॅचर कार्लटन फिस्क यांच्याशी असलेली त्यांची स्पर्धा गाजली. दोघांचेही जन्मवर्ष एकच, दोघेही एकाच जागेवर खेळणारे आणि दोघेही केप कॉड लीगमधून पुढे आलेले. फिस्क तेथे ऑर्लिन्स संघाकडून खेळले होते. मात्र फिस्क उंच, देखणे आणि प्रसारमाध्यमांचे लाडके. तर मन्सन यांची अंगकाठी रुंद आणि गोलसर, मिशा भरघोस, कपडे अनेकदा चुरगळलेले आणि पत्रकारांशी बोलणे तुटक. आपल्या वाट्याचे श्रेय फिस्क यांना मिळते, अशी मन्सन यांची भावना होती. १ ऑगस्ट १९७३ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर बरोबरीत असलेल्या सामन्यात धाव घेण्यासाठी तिसऱ्या बेसवरून धावत आलेले मन्सन फिस्क यांच्यावर आदळले. त्यातून दोघांत हाणामारी झाली आणि दोघांनाही मैदानाबाहेर काढण्यात आले. यांकीज आणि रेड सॉक्स यांच्यातील जुने वैर त्या दशकात या दोन कॅचरच्या रूपाने लोकांसमोर आले.

१९७३ मध्ये उद्योगपती जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्या नेतृत्वाखालील गटाने यांकीज संघ विकत घेतला आणि संघाच्या पुनरुत्थानास आरंभ झाला. १७ एप्रिल १९७६ रोजी मन्सन यांची कर्णधारपदी नियुक्ती करण्यात आली. असाध्य आजारामुळे १९३९ मध्ये खेळातून निवृत्त झालेल्या आणि दोन वर्षांनी निधन पावलेल्या लू गेरिग यांच्यानंतर हे पद कोणालाही देण्यात आले नव्हते. गेरिग यांच्या स्मृतीला मान म्हणून ते रिक्तच ठेवावे, अशी संघात परंपरा पडली होती. ती मोडून मन्सन यांची निवड झाली, यावरून सहकाऱ्यांमध्ये त्यांना असलेल्या मानाची कल्पना येते.

कर्णधारपदाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ०.३०२ ची सरासरी राखली आणि त्यांच्या फटक्यांवर संघाला १०५ धावा मिळाल्या. अमेरिकन लीगमधील सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार त्यांना देण्यात आला. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वाधिक मौल्यवान असे दोन्ही सन्मान मिळवणारे ते यांकीजचे पहिले खेळाडू ठरले. त्यानंतर हा मान ॲरन जज यांनी २०२२ मध्ये मिळवला. १९७५ ते १९७७ या सलग तीन मोसमांत मन्सन यांनी ०.३०० हून अधिक सरासरी आणि शंभर किंवा अधिक धावांचे योगदान अशी दुहेरी कामगिरी केली. दिवसागणिक झिजणाऱ्या कॅचरसाठी हे सातत्य दुर्मीळ होते.

१९७६ मध्ये यांकीज बारा वर्षांनी वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत पोहोचले. मात्र सिनसिनाटी रेड्सने त्यांचा ४-० असा धुव्वा उडवला. या पराभवातही मन्सन यांची मालिकेतील सरासरी ०.५२९ होती आणि अखेरच्या सहा सलग प्रयत्नांत त्यांनी सहा यशस्वी फटके मारले. परंतु मालिकेचे मानकरी रेड्सचे कॅचर जॉनी बेंच ठरले. सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत रेड्सच्या व्यवस्थापकांनी बेंच यांच्याशी कोणत्याही कॅचरची तुलना करणे योग्य नसल्याचे सूचित केले. त्या वेळी मन्सन त्याच दालनात उपस्थित होते. हा प्रसंग त्यांच्या मनाला लागला आणि त्यांनी आपली नाराजी लपवली नाही.

पुढील दोन वर्षांत संघाला यश मिळाले, मात्र शांतता लाभली नाही. १९७६ च्या अखेरीस स्टाइनब्रेनर यांनी धडाकेबाज फलंदाज रेजी जॅक्सन यांना सुमारे ३० लाख डॉलरच्या करारावर संघात आणले. आपल्याला दिलेले मानधनाबाबतचे आश्वासन यामुळे मोडले गेले, असा मन्सन यांचा समज झाला. त्यातच १९७७ मध्ये एका क्रीडा मासिकात जॅक्सन यांची मुलाखत प्रसिद्ध झाली. संघाचा खरा आधार मन्सन नसून आपण आहोत, असा तिचा सूर असल्याने ड्रेसिंग रूममध्ये दोन तट पडले. व्यवस्थापक बिली मार्टिन, मालक स्टाइनब्रेनर आणि खेळाडू यांच्यातील कलह वृत्तपत्रांत रोज रंगू लागले. मन्सन यांनी काही काळ पत्रकारांशी बोलणे टाळले आणि मालकांच्या नियमाविरुद्ध दाढी वाढवून आपला निषेध नोंदवला.

मैदानावर मात्र त्यांच्या कामात खंड पडला नाही. १९७७ आणि १९७८ अशा दोन्ही वर्षी यांकीजने लॉस एंजेलिस डॉजर्सला हरवून विश्वविजेतेपद मिळवले आणि दोन्ही मालिकांत मन्सन यांची सरासरी ०.३२० होती. १९७८ च्या उपांत्य मालिकेतील तिसऱ्या सामन्यात कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेट यांनी तीन होमरन मारले होते. आठव्या डावात यांकीज पिछाडीवर असताना गुडघे आणि खांदा यांच्या दुखण्याने बेजार झालेल्या मन्सन यांनी प्रचंड फटका मारून सामना फिरवला. यांकीजने तो ६-५ असा जिंकला. वर्ल्ड सिरीजमधील त्यांची एकूण सरासरी ०.३७३ आहे. संघाला सर्वाधिक गरज असे तेव्हा त्यांचा खेळ उंचावत असे, याची साक्ष हा आकडा देतो.

या सर्व काळात मन्सन यांच्या मनाला एकच ओढ होती आणि ती घराची. डायना आणि तीन मुले कँटनमध्येच राहत. बेसबॉलचा मोसम वसंतापासून शरद ऋतूपर्यंत चालतो आणि त्यात सुटीचे दिवस मोजकेच असतात. वडिलांच्या सततच्या गैरहजेरीत आपले बालपण गेले, तसे मुलांच्या बाबतीत होऊ नये, असे त्यांना वाटत असावे. घराजवळच्या क्लीव्हलँडच्या संघात आपली बदली व्हावी, अशी मागणी त्यांनी केली होती, पण ती मान्य झाली नाही.

त्यावर त्यांनी स्वतःच मार्ग काढला. ते विमान चालवण्यास शिकले. न्यूयॉर्क आणि कँटन यांच्यातील सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर आता सामना संपल्यानंतर काही तासांत पार करता येऊ लागले. लहान विमानांपासून सुरुवात करून ते झपाट्याने अधिक शक्तिशाली विमानांकडे वळले आणि जुलै १९७९ मध्ये त्यांनी सेसना सायटेशन हे जेट विमान खरेदी केले. वैमानिक होऊन त्यांना फार काळ लोटला नव्हता आणि जेटचा अनुभव तर अगदीच थोडा होता. सहकाऱ्यांपैकी काहींनी काळजी व्यक्त केली, तर काहींनी त्यांच्यासोबत प्रवासही केला. ज्यांच्याशी एके काळी अबोला होता ते रेजी जॅक्सनही त्या प्रवाशांत होते.

१ ऑगस्ट १९७९ रोजी शिकागो येथे झालेला सामना मन्सन यांचा अखेरचा ठरला. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या दिवशी ते कॅचरऐवजी पहिल्या बेसवर खेळले आणि तिसऱ्या डावानंतर मैदानाबाहेर आले. दुसऱ्या दिवशी सुटी होती. सामन्यानंतर ते स्वतः विमान चालवत कँटनला घरी गेले.

२ ऑगस्टच्या दुपारी ॲक्रन-कँटन विमानतळावर विमान उतरवण्याचा आणि पुन्हा उड्डाण करण्याचा सराव ते करत होते. त्यांच्यासोबत एक मित्र आणि एक उड्डाण प्रशिक्षक होते. उतरण्याच्या एका प्रयत्नात विमान धावपट्टीच्या बरेच अलीकडे खाली आले, झाडांना घासले आणि जमिनीवर आदळून त्याने पेट घेतला. दोन्ही सहप्रवासी भाजले, परंतु बचावले. मन्सन यांच्या मानेला गंभीर दुखापत झाली होती आणि त्यांना हालचाल करता येत नव्हती. त्यांना बाहेर ओढण्याचे दोघांचे प्रयत्न आगीमुळे अपुरे पडले. विमान जमिनीवर कोसळू नये म्हणून आवश्यक असलेला वेग राखण्यात वैमानिकाला अपयश आले, असा निष्कर्ष राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीनंतर काढला.

दुसऱ्या दिवशी, ३ ऑगस्ट रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बाल्टिमोरविरुद्धचा सामना ठरल्याप्रमाणे झाला. सामन्यापूर्वी यांकीजचे आठ खेळाडू आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. होम प्लेटमागील कॅचरची जागा मात्र रिकामी ठेवण्यात आली. उपस्थित ५१ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी उभे राहून कित्येक मिनिटे टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांचा १५ हा क्रमांक तातडीने कायमचा निवृत्त करण्यात आला. ड्रेसिंग रूममधील त्यांचे कपाट त्यानंतर कोणालाही देण्यात आले नाही. २००९ मध्ये नवे स्टेडियम उभारल्यानंतर ते तेथील संग्रहालयात हलवण्यात आले.

६ ऑगस्ट रोजी कँटन येथे झालेल्या अंत्यविधीस संपूर्ण संघ उपस्थित होता. मन्सन यांचे निकटचे मित्र बॉबी मर्सर आणि लू पिनिएला यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. त्याच दिवशी न्यूयॉर्कला परतून संघ रात्रीच्या सामन्यासाठी मैदानात उतरला. यांकीजने हा सामना ५-४ असा जिंकला आणि पाचही धावा मर्सर यांच्या फटक्यांवर झाल्या. दिवसभर जागे असलेल्या आणि दुःखाने खचलेल्या सहकाऱ्याची ही खेळी अमेरिकेतील बेसबॉल रसिक आजही विसरलेले नाहीत.

मन्सन यांच्या नावावर १,४२३ सामने, ११३ होमरन आणि ०.२९२ ची सरासरी आहे. कूपर्सटाउन येथील राष्ट्रीय बेसबॉल कीर्तिदालनाच्या मतपत्रिकेवर १९८१ पासून पंधरा वर्षे त्यांचे नाव होते, परंतु आवश्यक ७५ टक्के मते त्यांना कधीही मिळाली नाहीत. कारकीर्द अपुरी राहिल्याने एकूण आकडे कमी पडतात, असे एका बाजूचे म्हणणे. तर खेळाच्या ऐन भरात असताना त्यांच्यासारखे कॅचर मोजकेच होते, असे दुसऱ्या बाजूचे. ज्यांच्याशी त्यांची सतत तुलना झाली, त्या जॉनी बेंच यांना १९८९ मध्ये आणि कार्लटन फिस्क यांना २००० मध्ये या कीर्तिदालनात स्थान मिळाले.

त्याच २००० या वर्षी केप कॉड लीगने स्वतःचे कीर्तिदालन सुरू केले आणि त्याच्या पहिल्याच तुकडीत मन्सन यांचा समावेश केला. एका उन्हाळ्यापुरत्या आलेल्या खेळाडूचा हा गौरव केप कॉडच्या रहिवाशांच्या दृष्टीने स्वाभाविक होता. महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये १९७४ पासून ॲल्युमिनियमच्या बॅट आल्या आणि काही वर्षे त्या केप कॉडमध्येही वापरल्या गेल्या. मात्र १९८५ मध्ये लीगने पुन्हा लाकडी बॅट स्वीकारली. व्यावसायिक बेसबॉलमध्येही लाकडीच बॅट वापरली जाते. त्यामुळे या लीगमधील सरासरीला निरीक्षकांच्या लेखी वेगळे वजन आले. आज लीगमध्ये दहा संघ आहेत आणि तेथून निघालेले शेकडो खेळाडू प्रमुख व्यावसायिक संघांपर्यंत पोहोचले आहेत. १९९४ मध्ये विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि शेजारच्या राज्यांतील लहान शहरांत सुरू झालेली नॉर्थवूड्स लीग आणि अशाच इतर अनेक उन्हाळी लीग याच कल्पनेचा विस्तार आहेत. ज्या शहरांना व्यावसायिक संघ परवडत नाही, तेथे उद्याचे खेळाडू उन्हाळाभर मुक्कामाला येतात.

मन्सन यांच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी होणाऱ्या पुरस्कार समारंभातून बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या कल्याणासाठी निधी उभारला जातो. कँटनमध्ये त्यांच्या नावाचे स्टेडियम १९८९ मध्ये उभे राहिले. त्यांची समाधीही त्याच शहरात आहे. आणि केप कॉडवर ऑगस्ट महिन्यात मोसम संपतो, यजमान कुटुंबांचा निरोप घेऊन खेळाडू आपापल्या विद्यापीठांत परतू लागतात, तेव्हा त्यांच्यातील एकाच्या हाती थर्मन मन्सन यांच्या नावाचा पुरस्कार असतो. त्या खेळाडूचे नाव बहुधा त्या दिवशी गावाबाहेर कोणाला ठाऊक नसते. १९६७ च्या उन्हाळ्यात मन्सन यांचेही नव्हते.